आपले आरोग्य : स्तनाच्या पुनर्रचनेनंतर

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. वितळलेल्या लोखंडाशी जेथे रोजचा व्यवहार, तेथे भाजण्याचे भयही आलेच. कारखान्याचे सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय भाजलेल्यांवरील उपचारांसाठी ओळखले जाते. भाजलेल्या कामगाराच्या हातावर त्वचारोपण झाले आणि पुढे आखडलेला व्रण सैल करण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तर तिला कोणी हौस म्हणत नाही.

परंतु कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या आणि नंतर पुनर्रचना करून घेतलेल्या स्त्रीने दोन्ही बाजू सारख्या करण्याची इच्छा दर्शविली, की घरचेच विचारतात, ‘जीव वाचला ना? मग आता हे कशाला?’ शास्त्र तेच, पण न्याय निराळा!

हा विषमपणा का येतो? नवा स्तन पाठीच्या वा पोटाच्या ऊतींपासून, किंवा सिलिकोनच्या रोपणाने घडविला जातो. किरणोपचारांनी त्वचा आक्रसते. रोपणाभोवतीचे आवरण कधी घट्ट होते. दुसरा स्तन मात्र वय आणि वजन यांनुसार बदलत व ओघळत राहतो. मग पोलके नीट बसत नाही, पदर सारखा सावरावा लागतो, चारचौघींत जाणे नकोसे होते. फरक मोठा असल्यास मान व खांदेही दुखू शकतात.

यावर उपाय आहेत. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून खोलगट भागात भरता येते. तिचा काही अंश शरीरात शोषला जात असल्याने हे पुन्हा करावे लागू शकते. व्रण मोकळा करता येतो, रोपण बदलता येते, अथवा दुसरा स्तन लहान करून वा उचलून मेळ साधता येतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनांवर पुनर्रचनेच्या आणि या दुसऱ्या बाजूच्या शस्त्रक्रियेच्याही खर्चाचे बंधन घातले.

मात्र घाई करू नये. उपचार संपून सूज ओसरण्यास काही महिने लागतात. मधुमेह काबूत असावा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकुंचन पावून जखम भरण्यास विलंब होतो. छत्तीसगडमध्ये अनेक स्त्रिया दातांना लावतात ती गुडाखूही तंबाखूचीच, हे विसरू नये. कोणतीही नवी गाठ आधी डॉक्टरांना दाखवावी. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील, अशी अपेक्षाही ठेवू नये. निसर्गतःही त्या तशा नसतात.

काहींना पोलक्यात ठेवण्याचा सिलिकोनचा कृत्रिम स्तन पुरेसा वाटतो. काहींना काहीच नको असते. यांतील प्रत्येक निर्णय योग्यच आहे, पण तो त्या स्त्रीचा असावा. कुटुंबीयांनी तिच्यासोबत रुग्णालयात जावे आणि तिला जे विचारायचे असेल, ते निःसंकोच विचारू द्यावे.