होळीआधी शाळेचे आवार झाडा



संक्रांत सरली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पानगळ सुरू होते. साग उघडा पडू लागतो, मागोमाग ऐन, तेंदू, मोह पाने टाकतात आणि फाल्गुन लागेपर्यंत पायाखाली पाचोळ्याची गादी तयार होते. वन खात्याच्या हिशेबी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. महाराष्ट्रात वणव्याच्या नोंदी जिथे जास्त होतात, त्यात गडचिरोलीचे नाव नेहमी वरच असते.

वणव्यापासून गोठा कसा राखावा, तणसाचा ढीग कुठे रचावा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपली मुले-मुली आज आश्रमशाळेत, वसतिगृहात, महाविद्यालयात राहून शिकतात. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडली गेली. यांतल्या कित्येक संस्थांच्या कुंपणाला जंगल लागून आहे. वणव्याचा काळ आणि परीक्षेचा काळ नेमका एकच. म्हणून आज शेताबद्दल न लिहिता शाळेच्या आवाराबद्दल लिहितो.

आग संस्था पाहून येत नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे मोठी आग लागून बांबूचे नवे बांधकाम जळाले. जंगलाची जाणकार माणसे जिथे आहेत तिथे ही गोष्ट घडू शकते, तर आपल्या गावच्या शाळेने गाफील राहून कसे चालेल?

आग आवारात येते कशी?

आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीवरून सरपटत येतो. पाचोळा, वाळले गवत, पडलेल्या काड्या हे त्याचे खाद्य. खाद्य संपले की तो थांबतो. ही पहिली वाट. दुसरी वाट हवेतली. वाळला बांबू तडतडून फुटतो, जळकी पाने वाऱ्याबरोबर उडतात आणि छपरावरच्या पाचोळ्यात, सरपणाच्या ढिगात किंवा गवती मांडवावर पडतात. जमिनीवरची आग अजून लांब असताना छप्पर पेटते ते असे. म्हणून तयारीही दोन प्रकारची हवी, जमिनीची आणि छपराची.

जमिनीसाठी इमारतीपासून निदान दहा मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण पंधरा पावले, जागा चारी बाजूंनी साफ ठेवावी. गवत कापावे, पाचोळा झाडून दूर न्यावा. कुंपणाच्या बाहेरून तीन मीटरचा पट्टा माती दिसेपर्यंत खरवडून काढावा. वन खाते जंगलात जाळरेषा काढते, त्यातलाच हा प्रकार. मात्र शाळेने तो जाळून काढू नये, झाडून व खरवडूनच काढावा. कुंपणापलीकडची जागा वन खात्याची असेल तर आधी वनरक्षकाला सांगावे. पट्टा एकदा काढला म्हणजे काम संपले असे नाही. पाने गळतच असतात, म्हणून दर आठवड्याला तो पुन्हा झाडावा लागतो. झाडलेला पाचोळा पेटवू नका. खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवा, पावसाळ्यात शाळेच्या परसबागेला खत होईल.

छपरासाठी कौलांवरची, पन्हाळीतली पाने काढावीत. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. स्वयंपाकघराचे सरपण भिंतीला टेकून रचू नये, दूर मोकळ्यावर रचावे. गॅसच्या टाक्यांभोवती गवताची काडी राहू देऊ नये. विजेच्या तारांना लागलेल्या फांद्या वीज मंडळाच्या माणसांकडूनच तोडून घ्याव्यात. आणि वर्गाजवळ गवताचे छप्पर नकोच. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. तो वणवा नव्हता, पण गवती छप्पर किती वेळ देते याचा हिशेब त्यातून कळतो.

पाणी आणि अवजारे

आग लागली की बहुधा वीज जाते आणि विजेचा पंप बंद पडतो. तेव्हा टाकी भरलेली आहे यावर समाधान मानू नका. टाकीला खाली तोटी हवी, आणि हंगामभर चार-सहा ड्रम भरून झाकून ठेवावेत. शेजारच्या शेतकऱ्याकडे डिझेलचा पंप असेल तर तो कुणी, किती वेळात आणायचा, हे आजच बोलून ठेवावे. फावडी, दाताळी, कुऱ्हाडी, बादल्या आणि ओली करायला तागाची पोती एका खोलीत ठेवावीत. त्या खोलीची किल्ली कुठे आहे हे निदान तिघांना ठाऊक हवे. अग्निशमनाची गाडी आत येईल एवढे फाटक रुंद आहे ना, तेही पाहून घ्यावे.

कुणी काय करायचे

ऐन वेळी सगळेच ओरडतात आणि काम कुणीच करत नाही. म्हणून कामे आधी वाटून घ्यावीत. घंटा एकाने वाजवायची आणि ती नेहमीच्या घंटेपेक्षा वेगळी, न थांबता. फोन एकाने करायचा. वन खात्याचा मदत क्रमांक १९२६, अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२. हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत. मुलांना मैदानात नेणारे वेगळे, हजेरी घेणारे वेगळे. हजेरीपट उचलल्याशिवाय शिक्षकाने खोली सोडू नये. कोण राहिले हे नावानिशी कळले तरच शोध घेता येतो.

वसतिगृहात, विशेषतः मुलींच्या, रात्री दाराला बाहेरून कुलूप लावण्याची रीत काही ठिकाणी दिसते. सुरक्षेसाठी लावलेले कुलूप आगीत घात करते. कडी आतून हवी आणि दुसरे दार उघडणारे हवे. आणि सराव एकदा दिवसा, एकदा रात्री करून पाहावा. झोपेतून उठलेले पोर कुठे जाते, ते रात्रीच्या सरावातच कळते.

बाहेर न्यावे की आवारातच ठेवावे?

हा प्रश्न जगभर पडतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मालिबू येथे मोठा वणवा आला. त्या भागातली शेकडो घरे जळाली. तिथल्या पेपरडाइन विद्यापीठाने विद्यार्थ्यांना धुराच्या रस्त्यावर न धाडता आवारातच पक्क्या इमारतींत ठेवले. आग आवाराच्या कडेपर्यंत आली, तरी विद्यार्थी सुखरूप राहिले. पण हे का जमले? इमारती सहज न पेटणाऱ्या होत्या आणि भोवतालची झुडपे दरवर्षी साफ केली जात होती. आवार झाडलेले नसते तर तोच निर्णय जिवावर बेतला असता.

आपल्याकडे स्लॅबची इमारत आणि साफ आवार असेल तर मुलांना आत, दारे-खिडक्या लावून ठेवता येईल. छप्पर कच्चे असेल तर गवत नसलेल्या मोकळ्या मैदानात, आग लांब असतानाच न्यावे. धुराने भरलेल्या जंगलवाटेवर मुलांची रांग कधीही नेऊ नये. आणि पालकांनो, बातमी कळताच मोटारसायकली घेऊन धावू नका. एकच रस्ता असतो, तो आपण अडवला तर बंब कुठून जाणार?

आग विझवायला जाताना

हे काम मोठ्यांचे आहे, मुलांचे नाही. अंगावर सुती कपडे हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. नाकाला ओले फडके बांधावे. ओल्या पोत्याने किंवा हिरव्या डहाळीने आगीच्या कडेवर, बाजूने मारत जावे, समोर उभे राहू नये. आग चढावर वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला थांबू नये. तामिळनाडूतच कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये फिरायला गेलेली मंडळी गवताळ उतारावर वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक माणसे गेली. अडकलात तर जळून काळ्या झालेल्या जागेत शिरावे. तिथे जळायला काही उरलेले नसते. समोरून उलटी आग लावण्याचा प्रयोग गावकऱ्यांनी करू नये, ते वन खात्याच्या अनुभवी माणसांचे काम.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे गार पाणी धरावे. तूप, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे.

काडी कुणाची?

आता थोडे कडू बोलतो. आपल्या रानातला वणवा आभाळातून क्वचितच पडतो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला चांगली पाने फुटावीत, गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून काडी लागते. धुरा जाळताना वारा सुटतो. काडी लावणारा घरी जातो, आग मात्र शाळेच्या कुंपणापर्यंत चालत राहते.

यावर उपाय आहेत. मोहाखाली पाचोळा झाडून जुने लुगडे किंवा जाळी अंथरावी, फुले स्वच्छ मिळतात आणि त्यांना भावही बरा येतो. तेंदूची झुडपे छाटली तरी नवी पाने येतात, जाळण्याची गरज नाही. गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानासाठी फांद्या तोडल्या जातात, आगी लावल्या जातात, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदूची तोडच बंद केली आणि बांबूवर भर दिला. हातचा पैसा सोडणे सोपे नसते. प्रत्येक गावाने तेच करावे असे मी म्हणत नाही, पण आगीचा निर्णय गाव घेऊ शकते एवढे त्यातून दिसते. कायदाही तेच सांगतो. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. जंगलात ज्यांना हक्क आहेत त्यांनी आगीची खबर देणे व ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे.

तेव्हा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आणि शाळेच्या पालक सभेत पाच प्रश्न उभे राहून विचारा. आवाराभोवतीचा पट्टा कोण झाडणार? वीज गेल्यावर पाणी कुठून येणार? रात्री दाराची किल्ली कुणाकडे? मुले कुठे जमणार आणि हजेरी कोण घेणार? रात्रीचा सराव कधी? उत्तर मिळाले नाही तर रागावू नका. खराटा घ्या, चार शेजारी बरोबर घ्या आणि पहिला पट्टा आपणच झाडा. मुले आपली आहेत. आग लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा होळीआधी दोन दिवस झाडलोट केलेली बरी.