सूर लागला, नेम चुकला

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातील एका लहानशा धर्मग्रामात एका वृद्ध माउलीच्या अंत्यविधीसाठी आम्हांस जावे लागले. चाळीसएक वर्षे त्या देवळात पहिले गीत उचलण्याचा मान तिचा होता. पेटी नसली तरी ती उचलीत असे, तबलजी आला नाही तरी उचलीत असे. आणि तिने पहिली ओळ म्हटली की मागच्या बाकावर पेंगणारे पोरही दुसरी ओळ म्हणू लागे. त्या दिवशी तिची शवपेटी वेदीपुढे ठेवली होती. प्रवेशगीताची वेळ झाली. एका तरुणाने ध्वनिक्षेपकाच्या खोक्यात पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबले, आणि कोणत्याशा स्टुडिओत मुद्रित झालेले तिचेच आवडते गीत निर्दोष सुरांत वाजू लागले. देवळात शंभर-सव्वाशे माणसे होती. एकाचेही ओठ हलले नाहीत. आम्हीही हलविले नाहीत, हे येथे कबूल केले पाहिजे.

विधी आटोपल्यावर मंडपात चहा घेताना एक गृहस्थ समाधानाने म्हणाले, "आज गाणी कशी स्वच्छ ऐकू आली!" या एका वाक्याशी आमचे भांडण आहे. त्या गृहस्थांशी नाही. ते सज्जन आहेत, आणि ध्वनिक्षेपकाची वर्गणी त्यांनीच सर्वांत मोठी दिली होती. परंतु देवळातील गीत स्वच्छ ऐकू यावे यासाठी असते, ही समजूत आमच्या धर्मग्रामांत इतकी मुरली आहे की तिला कोणी समजूतही म्हणत नाही. गीत कोणाला ऐकवायचे, ते म्हणताना म्हणणाऱ्याचे चित्त कोठे असायचे, हे प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत येत नाहीत. की-बोर्ड कोणत्या कंपनीचा घ्यावा, एवढाच प्रश्न येतो.

या प्रश्नांचा खल आमच्याआधी कितीतरी शतके ज्यांनी केला त्यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १३ एप्रिल १९८६ रोजी, रोममधील यहुदी सभास्थानात उभे राहून, आपले थोरले बंधू म्हटले. थोरल्या भावाच्या घरातून चार गोष्टी शिकून यायला धाकट्याने लाजू नये.

यहुदी उपासनेत 'कव्वाना' असा एक शब्द आहे. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ रोख धरणे, दिशा देणे. सामान्यतः त्याचे भाषांतर 'हेतू' किंवा 'एकाग्रता' असे करतात. ते आम्हांस अपुरे वाटते. आपल्या मराठीत त्याहून जवळचा शब्द आहे, तो म्हणजे 'नेम'. नेमबाज धरतो तोही नेम आणि व्रतस्थ पाळतो तोही नेम. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले तेव्हा अवघ्या कोल्हापूरने गुलाल उधळला. बंदुकीचा आवाज किती छान झाला, असे तेव्हा कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गोळी कोठे लागली, एवढेच सर्वांनी पाहिले.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात असे सांगितले आहे की, जुन्या काळचे भक्तजन प्रार्थनेपूर्वी एक तास नुसते थांबत, अंतःकरण स्वर्गीय पित्याकडे वळावे म्हणून. बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिडीस यांनी तर स्पष्ट निर्णय दिला की, कव्वानावाचून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. ती पुन्हा करावी. प्रवासातून थकूनभागून आलेल्याने चित्त ठिकाणावर येईपर्यंत प्रार्थनेस उभेच राहू नये, असेही ते सांगतात. मिस्सा सुरू झाल्यावर मोटारसायकल लावून धावत आत शिरणाऱ्या आम्हां मंडळींनी हे वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सोळाव्या शतकात गालीलातील सफेद हे लहानसे डोंगरी गाव यहुदी गूढभक्तीचे माहेरघर झाले. इसहाक लुरिया (१५३४-१५७२) यांनी तेथे प्रार्थनेच्या एकेका शब्दामागे धरावयाच्या ध्यानाची सूक्ष्म पद्धत शिष्यांना शिकविली. शब्बाथाचे स्वागत वधूसारखे करणारे 'लेखा दोदी' हे गीत त्याच गावच्या श्लोमो अल्काबेत्स यांचे. आणि ज्यांची 'शुल्हान आरूख' ही धर्मनियमांची संहिता १५६५ साली व्हेनिसमध्ये छापली गेली, ते योसेफ कारोही तेथलेच. या संहितेतील एक नियम आमच्या प्रत्येक गायकवृंदाच्या खोलीत टांगावा असा आहे. प्रार्थना चालविणाऱ्याने आपला गोड आवाज लोकांना ऐकू यावा म्हणून गायन लांबविले, तर त्याचा न्याय कसा करावा? कारो म्हणतात, देवाची स्तुती करावयास मिळते या आनंदाने तो लांबवीत असेल तर तो धन्य. स्वतःच्या आवाजावर खूश होऊन लांबवीत असेल तर ती लाजिरवाणी गोष्ट होय. माणूस तोच, गळा तोच, तानही तीच. निवाडा मात्र एकदम उलटा.

पुढे अठराव्या शतकात युक्रेनमध्ये इस्राएल बाल शेम तोव (निधन १७६०) यांच्यापासून हसिद पंथ उभा राहिला. लुरियांची ध्याने पंडितांपुरती होती. कव्वाना हमालालाही साधेल, असे हसिदांनी म्हटले, आणि तिचे वाहन म्हणून गाणे निवडले. त्यांच्या गाण्याला 'निग्गून' म्हणतात. पुष्कळदा त्यात शब्दच नसतात. शब्दांचे गीत शब्द संपले की संपते, शब्दांवाचूनच्या सुराला अंत नाही, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. १७७२ साली विल्ना येथील विद्वानांनी या पंथावर बहिष्कार पुकारला, आणि त्यांच्या गाण्यानाचण्याचीही निर्भर्त्सना झाली. विद्वानांना गोंगाटाचा वीट येतो हे आम्ही समजू शकतो.

परक्यांचे म्हणून हे टाकून देऊ पाहणाऱ्यांस आम्ही संत ऑगस्टीनची आठवण देतो. स्तोत्रांवरील प्रवचनांत त्याने शेतात कापणी करणाऱ्यांचे उदाहरण घेतले आहे. आनंद मावेनासा झाला की ते शब्द सोडून नुसता स्वर काढतात. जो देव शब्दांत मावत नाही त्याच्यासाठी असेच गावे, असे तो सांगतो. जुन्या लॅटिन आलेलुयाचा शेवटचा स्वर लांबत लांबत जात असे तो याच भावनेने. हाच ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात कबूल करतो की, गाण्याच्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा आपल्या हातून पाप घडते. एवढ्या मोठ्या आचार्याला ही टोचणी होती. आम्हांला ती कधी होत नाही, याचे आश्चर्य करावे की खेद?

हे सारे फार दूरचे वाटत असेल, तर मराठी मुलखात येऊ. १८८७ साली अब्राहाम डेव्हिड एझेकियल या बगदादी यहुदी गृहस्थाने यहुदी गूढविद्येचा मुख्य ग्रंथ जो 'जोहर', त्यातील एका भागाचे अरबी भाषांतर चक्क पुण्यात छापले. रब्बींनी त्याचा कडाडून निषेध केला. हे गृहस्थ थिऑसफीच्या वर्तुळातले होते. प्रार्थनेपासून सुटलेले गूढज्ञान हे नुसते कुतूहल होऊन बसते, असे आमचे मत. पण तो वेगळा विषय आहे.

आम्हांला अधिक मोलाचे वाटतात ते कोकणचे बेने इस्राएल. ते हसिद नव्हेत. शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे शनवार तेली. पण गाण्याला नेम कसा असतो हे पाहावे तर त्यांच्या मलिद्यात. लग्नकार्य ठरले, नवस फेडावयाचा झाला, संकटातून कोणी सुटले, की ताटात गोड केलेले पोहे, ओले खोबरे आणि फळे मांडतात, आणि एलिया संदेष्ट्याचे हिब्रू गीत सारे घर मिळून गाते. शब्द हिब्रू असले तरी आज आपण हे कोणासाठी आणि कशाबद्दल गातो आहोत, हे प्रत्येकाला ठाऊक असते. आमच्या देवळात मराठी गीताचा शब्दन् शब्द कळतो, आणि नेमके हेच ठाऊक नसते!

याच समाजाने आणखी एक पाऊल टाकले. हिब्रू प्रार्थना मुखोद्गत, पण अर्थ पुष्कळांना अगम्य, अशी त्यांची स्थिती होती. वल्हांडणाच्या विधीचे मराठी भाषांतर मुंबईत १८४६ सालीच छापले गेले होते. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी चक्क कीर्तन उभे केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडी-अभंगांत बांधली गेली, आणि ज्यांना हिब्रू येत नव्हते त्या स्त्रियांना आपलेच पूर्वज प्रथमच आपल्या भाषेत भेटले. आमच्यातील जे लोक "अभंग-भजन आपले नव्हे" असे म्हणून नाक मुरडतात, त्यांनी याचे उत्तर द्यावे. मूर्तिपूजेच्या नुसत्या सावलीलाही भिणारा हा समाज कीर्तनाला भ्याला नाही. हंगेरीतील कालोव्हचे हसिद रब्बी इसहाक टाउब (निधन १८२१) यांनी एका गुराख्याचे प्रेमगीत त्याला पैसे देऊन विकत घेतले आणि देवाच्या विरहाचे गीत करून टाकले, अशी कथा सांगतात. चाल गुराख्याचीच राहिली, नेम तेवढा बदलला. आमच्या फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्तपुराण ओवीत छापले ते याच धैर्याने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्थानिक संगीताला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले, त्याच्या साडेतीन शतके आधी!

येथे दुसऱ्या बाजूने एक आळशी युक्तिवाद हटकून येतो: देव अंतःकरण पाहतो, मग सूर कसाही लागला तरी चालेल. मुळीच नाही. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी आश्रय दिला त्या गावचे आम्ही. देवल क्लबच्या या गावात बेसूर गाणे कोणी भक्ती म्हणून खपवून घेणार नाही. नेम धरणारा बंदूकही पुसून ठेवतो. शनिवारी तालीम चुकवावयाची आणि रविवारी अंतःकरणाची सबब सांगावयाची, याला कव्वाना म्हणत नाहीत.

राहिला पेनड्राइव्ह. सप्टेंबर १९५८ मध्ये, पोप पायस बारावे यांच्या कारकिर्दीत, रोममधील विधिविषयक मंडळाने पवित्र संगीतासंबंधी जो आदेश काढला, त्यात ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांसारख्या आपोआप वाजणाऱ्या यंत्रांना उपासनेत साफ मनाई केली होती. १९६३ च्या परिषदेने तर प्रापंचिकांचे मन त्यांच्या वाणीशी जुळलेले असावे, असे सांगितले. यंत्राला वाणी आहे. जुळवावयास मन कोठून आणणार? तबलजी मिळत नाही, तरुण पुण्यामुंबईस गेले, उरलेल्यांना लाज वाटते, या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या माउलीकडे तरी काय होते?

आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीत दोन सूचना मांडल्या. पहिली, प्रवेशगीतापूर्वी दोन मिनिटे सर्वांनी शांत बसावे. जुन्या भक्तांचा एक तास आम्हांस झेपणार नाही. दुसरी, त्या रविवारी कोणाच्या कृतज्ञतेसाठी वा दुःखासाठी आपण गाणार आहोत, ते एका वाक्यात सांगावे आणि मग यंत्रावाचून गावे. पहिली सूचना मान्य झाली. दुसरीवर एका भगिनीने विचारले, "पण पहिली ओळ कोण उचलणार?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून, बहुधा आठवीनववीतल्या, एका मुलीने हात वर केला.