पोलादी हात कोणाचे?

खंडेनवमीच्या दिवशी भोसरीपासून इचलकरंजीपर्यंतच्या कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात. यंत्र हे केवळ नफ्याचे साधन नसून श्रमाचा सोबती आहे, ही आपल्या समाजाची धारणा. पाश्चात्त्य जगाने मात्र यंत्राकडे पाहिले ते आज्ञाधारक गुलाम म्हणून. 'रोबो' हा शब्दच त्याची साक्ष देतो. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला आणि त्याचे मूळ वेठबिगारी या अर्थाच्या चेक शब्दात आहे. सोबती की गुलाम, हा दृष्टिभेद आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. त्यावर आपल्या लक्षावधी तरुणांचे भवितव्य अवलंबून आहे.

औद्योगिक यंत्रमानवाचा जन्म अमेरिकेतला. १९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचा यांत्रिक बाहू कामाला लागला. साच्यातून निघणारे तप्त धातूचे भाग उचलण्याचे, माणसाला भाजून काढणारे काम त्याने पत्करले. पण शोध लावणाऱ्या देशापेक्षा त्याचे मोल जपानने अधिक ओळखले. कावासाकी कंपनीने १९६८ मध्ये त्याचा परवाना घेतला, पुढच्याच वर्षी स्वदेशी बनावटीचा यंत्रमानव उभा केला, आणि पाहता पाहता जपान या उद्योगाचा अग्रणी झाला. तंत्रज्ञान आयात करणे आणि ते आत्मसात करणे यांत केवढे अंतर असते, हे जपानने जगाला दाखवून दिले.

तोच धडा आज चीन गिरवीत आहे. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या अहवालानुसार २०२४ या एका वर्षात जगभरात ५ लाख ४२ हजार औद्योगिक यंत्रमानव बसवले गेले आणि कार्यरत यंत्रमानवांची संख्या ४६ लाखांच्या पुढे गेली. नव्याने बसवलेल्यांपैकी तब्बल ५४ टक्के एकट्या चीनमध्ये आहेत! चीनने २०१५ मध्ये 'मेड इन चायना २०२५' ही योजना आखली. पाठोपाठ जर्मनीच्या औद्योगिक वैभवाचे प्रतीक असलेली कुका ही कंपनी गृहोपयोगी उपकरणे बनवणाऱ्या एका चिनी उद्योगसमूहाने विकत घेतली. जर्मनी खडबडून जागा झाला, परकीय गुंतवणुकीचे नियम त्याने कडक केले. पण तोवर कुका हातची गेली होती. दशकापूर्वी चीनच्या बाजारपेठेत चिनी उत्पादकांचा वाटा सुमारे २८ टक्के होता, तो २०२४ मध्ये ५७ टक्क्यांवर पोहोचला. चीनच्या राजवटीविषयी आपले मत काहीही असो, या चिकाटीकडे डोळेझाक करून चालणार नाही.

भारताचे चित्र काय आहे? २०२४ मध्ये आपल्याकडे ९,१०० यंत्रमानव बसवले गेले. हा आजवरचा उच्चांक आहे आणि वार्षिक क्रमवारीत आपण सहाव्या स्थानी आलो आहोत. आनंद जरूर मानावा. पण वाहन उद्योगात राबणारे हे पोलादी हात मुख्यतः जपानी आणि युरोपीय नाममुद्रांचे आहेत. यंत्रमानवाच्या सांध्यांत बसणारी अचूक दंतचक्रे, त्याला गती देणाऱ्या सर्व्हो मोटारी आणि त्याचा मेंदू म्हणता येईल असा नियंत्रक, यांतच त्याचे खरे मोल असते. हे घटक ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती आपल्या कारखान्यांच्या नाड्या. उद्या सीमेवर तणाव वाढला आणि सुटे भाग अडले, तर येथील उत्पादन कोणाच्या मर्जीवर चालणार?

दुसरा प्रश्न रोजगाराचा. भारतीय मजदूर संघाने १९८४ हे वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले, तेव्हा त्याची 'प्रतिगामी' म्हणून हेटाळणी झाली. पुढे संगणक आला, नवे रोजगारही घेऊन आला, हे खरेच. पण यंत्र येताना कामगाराचे काय, हा मजदूर संघाचा प्रश्न कालबाह्य झालेला नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या मुंबईतील व्याख्यानांत यंत्र हे श्रमिकाचा प्रतिस्पर्धी नव्हे, तर साहाय्यक असावे, अशीच भूमिका मांडली होती. दक्षिण कोरियात दर दहा हजार कारखाना कामगारांमागे एक हजाराहून अधिक यंत्रमानव आहेत. पण तेथील पाळणे रिकामे आहेत, आपल्याकडे हात रिकामे आहेत. त्यांची गरज हा आपला आदर्श कसा होईल?

म्हणून आपला अग्रक्रम आपणच ठरवला पाहिजे. जेथे पॉवर प्रेसखाली बोटे तुटतात, ओतशाळेत अंग होरपळते, रंगकामात फुफ्फुसे झिजतात, तेथे यंत्रमानव आधी यावा. 'युनिमेट'चे पहिले काम नेमके हेच होते. पण अशी कामे बहुधा लहान कारखान्यांतच चालतात आणि त्यांनाच यंत्रमानव परवडत नाही. बाहूच्या किमतीवर भागत नाही. त्याची पकड, सुरक्षा कुंपण, प्रोग्रॅमिंग, देखभाल हा खर्च वेगळाच असतो. तेव्हा औद्योगिक वसाहतींत सामायिक केंद्रे हवीत, सुलभ कर्ज हवे. आयटीआयमध्ये जुन्या लेथशेजारी यंत्रमानवही हवा. ज्याच्या जागी यंत्र येणार, त्याच कामगाराला ते चालवण्याचे प्रशिक्षण देण्याचे बंधन मालकावर हवे.

यंत्रमानव येणारच आहे. त्याला विरोध करणे व्यर्थ, आणि त्याच्यापुढे लोटांगण घालणे आत्मघातकी. त्याचे सांधे आणि मेंदू येथे घडतील, त्याला चालवणारा हात येथील श्रमिकाचा असेल, तरच तो राष्ट्राचे सामर्थ्य वाढवील. अन्यथा हात पोलादी असतील; पण दोर परक्याच्या मुठीत राहील.