आधी पाटे, मग घोडे

अमेरिकेतले कित्येक हौशी लोक जुन्या मसल कारमध्ये आणखी दांडगे इंजिन बसवतात आणि खालचे पाटे तसेच ठेवतात. बँकेच्या भाषेत, हे बिनतारणी कर्ज! १९६७ ची शेवरोले कॅमॅरोच घ्या. मागच्या स्प्रिंगला एकेकच पाटा. ॲक्सिलरेटर दाबला की पाटा पिळवटायचा अन् चाकं बेडकासारखी टुणटुण उडायची. १९६८ मध्ये कंपनीनेच मागचा एक शॉक ॲब्सॉर्बर आसाच्या पुढे, दुसरा मागे बसवला. दणकट मॉडेलांना जास्त पाटे दिले. कंपनीला वर्षात कळलं, हौशांना कधी कळणार? अहो, अश्वशक्ती वाढवण्याआधी पाटे, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक बदला! वळणावरचं झाड घोडे मोजत नाही अन् बाजूलाही सरत नाही.