पास्त्यातून काय काढायचं?

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक भरली आणि दिवाळीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. ती बातमी आपण हौसेनं वाचली, फराळाच्या फोटोंसकट एकमेकांना पाठवली. त्याच बैठकीत इटलीच्या स्वयंपाकालाही त्या यादीत जागा मिळाली. या नोंदीत पिझ्झाला किंवा लझानियाला मुकुट चढवलेला नाही, हे महत्त्वाचं. तिथे कौतुक आहे ते घरच्यांनी एकत्र बसून जेवण्याचं, जिन्नसांचा मान राखण्याचं, उरलंसुरलं वाया न घालवण्याचं आणि एका पिढीनं दुसरीला रांधायला शिकवण्याचं.

आता आपल्या घरातला ‘इटालियन बेत’ पाहू. सामानाच्या यादीत क्रीम, मोझरेला, प्रोसेस्ड चीज, मैदा, तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या, ब्रोकोली, बेबीकॉर्न, ऑलिव्ह आणि वर पास्ता मसाल्याचं पाकीट. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या फ्रिजच्या दारात असतातच, त्याही फोडायच्या. एवढा खटाटोप करून जे होतं ते मुलं खातात. आजी-आजोबांना ते जड पडतं, म्हणून त्यांच्यासाठी मुगाची खिचडी वेगळी. एका रात्री दोन स्वयंपाक, आणि करणारी बहुधा एकच.

माझं म्हणणं सरळ आहे. घरी इटालियन वळणाचं जेवण करायचं असेल, तर आणखी काय घालू हा प्रश्न सोडून द्या. काय काढू, हे विचारा.

तिथल्या घरगुती स्वयंपाकाची घडणच तशी आहे. १८९१ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पेलेग्रिनो आर्तुझी या निवृत्त व्यापाऱ्यानं पदरमोड करून एक पाकपुस्तक छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. पुढे गावोगावच्या वाचकांची पत्रं येत गेली, पुस्तक फुगत गेलं आणि शेवटी संख्या ७९० वर पोहोचली. आपल्याकडे ‘रुचिरा’ला जो मान, तो तिथे या पुस्तकाला. ते हॉटेलातल्या बल्लवांसाठी नव्हतं, रोज चूल पेटवणाऱ्या घरांसाठी होतं. दारिद्र्यानं तर या स्वयंपाकाला फार शिकवलं. तस्कनीत शिळा पाव टोमॅटोत शिजवून त्याची लापशी करतात. सिसिलीत चीज परवडत नसे, तेव्हा पावाचा चुरा तेलात तांबूस परतून पास्त्यावर भुरभुरायचे. आज परवडतं, तरी चुरा भुरभुरतात, कारण तो कुरकुरीत लागतो.

काढून टाकण्याची ही कला सर्वांत चांगली शिकवली मार्चेल्ला हझान यांनी. जन्म १९२४चा, चेझेनातिको या एमिलिया-रोमान्या प्रांतातल्या किनाऱ्यावरच्या गावातला. शिक्षण विज्ञानाचं. लग्नानंतर अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या लोकांना इटालियन रांधायला शिकवू लागल्या. पहिलं पुस्तक १९७३ मध्ये आलं. त्यांच्या ज्या टोमॅटो सॉसचं जगभर नाव झालं, त्यात टोमॅटो, लोणी, एक कांदा आणि मीठ एवढंच आहे. लसूण नाही, ओरेगॅनो नाही, तिखटही नाही.

आपल्या ओट्यावर तो असा होतो. किलोभर पिकलेले, लालबुंद टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साली काढा आणि चिरून पातेल्यात घ्या. सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम लोणी घाला. कांदा सोलून फक्त मधोमध कापा आणि दोन्ही अर्धुकं तशीच सोडा. बेताचं मीठ. मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाऊण तास. अधूनमधून टोमॅटो डावानं ठेचत राहा. शेवटी कांदा काढून घ्या. तो पोळीबरोबर झकास लागतो. आपल्या बाजारातले टोमॅटो लांबच्या प्रवासात टिकावेत म्हणून जाड सालीचे, घट्ट असतात, तेव्हा पाऊण तासाचा तास झाला तर घाई करू नका. लोणी टोमॅटोचा आंबटपणा मवाळ करतं, त्यामुळे साखर लागत नाही. पहिल्या वेळी हात मसाल्याच्या डब्याकडे जाईल. जाऊ देऊ नका.

महागड्या ऑलिव्ह तेलावाचून काही अडत नाही, हेही यातून कळतं. उत्तर इटलीतल्या कितीतरी घरांचा स्वयंपाक लोण्यावरच चालत आला आहे.

पास्ता उकडण्याचं तिथलं गणित तोंडपाठ करण्याजोगं आहे: शंभर ग्रॅम पास्ता, एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ. पाण्यात तेल घालायचं नाही आणि निथळल्यावर नळाखाली धरायचा नाही. आपण या दोन्ही गोष्टी पास्ता चिकटू नये म्हणून करतो. पण तेल पाण्यावर तरंगतं आणि निथळताना पास्त्याला लागतं, मग सॉस त्याला नीट धरत नाही. धुतल्यावर तर पृष्ठभागावरचा स्टार्च वाहूनच जातो. हाच स्टार्च तेला-लोण्याला आणि पाण्याला एकजीव करतो. म्हणून उकडलेलं पाणी वाटीभर बाजूला ठेवा, पास्ता मिनिटभर आधीच काढून सॉसमध्ये टाका, दोन डाव पाणी घालून जोरात हलवा. क्रीमनं जो दाटपणा येतो, तो या फुकटच्या पाण्यानं येतो.

पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. इटलीत १९६७च्या कायद्यानं वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असं ठरवून दिलं. तो कडक गहू पाण्यात विरघळत नाही. मैद्याचा पास्ता मात्र गिचका होतो. ड्युरम आपल्याला परका नाही. बन्सी गहू म्हणतात तो त्याच जातीचा.

आता दोन स्वयंपाकांचा प्रश्न. तिथे पास्ता हे सबंध जेवण नसतं, ती जेवणाची सुरुवात असते. माणशी साधारण ऐंशी ग्रॅम कोरडा पास्ता, मग भाजी किंवा अंडं-मासळी. आपण परातभर करून त्यावरच रात्र काढतो आणि मग तो जड झाला म्हणतो. सगळ्या घराला चालेल असा पहिला पदार्थ सुचवायचा तर मी काबुली चण्यांचा पास्ता सुचवेन. रोममध्ये शुक्रवारी मांस टाळण्याच्या जुन्या रिवाजामुळे तो त्या दिवशी होत आला आहे. रात्री भिजवलेले चणे कुकरमध्ये मऊ शिजवा, निम्मे घोटून घ्या. तेलात लसणीच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या आणि एखादा टोमॅटो परतून त्यात चणे त्यांच्या पाण्यासकट ओता. उकळी आली की माणशी मूठभर बारीक पास्ता त्यातच शिजू द्या. वरून मिरपूड आणि कच्च्या तेलाची धार. एकच पातेलं, चमच्यानं खाता येणारं, दात नसले तरी चालणारं. आजोबांना खिचडीची आठवण होणार नाही.

मूळ कृतीत रोझमेरी असते. ती मिळाली नाही तर मरवा घ्या. फुलवाल्याकडे वेणीत माळला जातो तोच मरवा ओरेगॅनोच्या कुळातला आहे, आणि जेनोवाच्या बाजूच्या स्वयंपाकात तो हमखास असतो. फवारणीचा भरवसा नाही, म्हणून बाजारातला नको, कुंडीतली चार पानं घ्या. पुडीतल्या भुशापेक्षा तो कितीतरी जिवंत लागतो. तसाच खपली गहू. सांगली-कोल्हापूरकडे ज्याची खीर होते, तोच गहू तस्कनीतल्या गार्फान्याना खोऱ्यात फार्रो नावानं पिकतो आणि राजम्याबरोबर सुपात शिजतो. घरात खपली असेल तर हे सूप म्हणजे रात्रीचं पुरतं जेवण आहे.

चीजबद्दल मुलं कुरकुरतील. थोडं किसून द्यायला हरकत नाही, पण वाटीत, वेगळं. ज्यानं त्यानं आपलं घ्यावं. शाकाहारी घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, तेव्हा पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच चीज आणावं. नाहीतर सिसिलीची युक्ती आहेच. कालच्या पावाचा चुरा, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ, आणि हवी तर लाल मिरची.

‘मग चव कशी येणार?’ असं कुणी विचारेल. ती टोमॅटो पिकलेला असण्यातून येते, चणा नीट भिजण्यातून, मीठ वेळेवर पडण्यातून येते. तीन-चार जिन्नसांच्या पदार्थात लपायला जागा नसते, म्हणून तो सोपा असूनही लक्ष मागतो. दहा जिन्नस घालून चूक झाकता येते, पण मग प्रत्येक शनिवारचा पास्ता एकाच चवीचा होतो: चीजच्या.

तेव्हा पुढचा बेत शनिवारी नको, एखाद्या साध्या मंगळवारी करा. सामान वाण्याकडून आणि भाजीवाल्याकडून आणा, यादी पाच ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि जे रांधाल ते घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाढा. वेगळी खिचडी टाकावी लागली नाही, तर बेत जमला म्हणायचा.