मंगळावरचा दगड आणि आपली घाई

मंगळावरच्या एका दगडात प्राचीन जीवसृष्टीच्या खुणा असू शकतात, असे नासाने 10 सप्टेंबर 2025 रोजी जाहीर केले. शास्त्रज्ञ ‘असू शकतात’ म्हणाले, आपल्या व्हॉट्सॲपने मात्र निकालच देऊन टाकला. ‘मंगळावर जीव सापडला, कुरआनमध्ये 1400 वर्षांपूर्वीच लिहिले होते!’ खाली सूरह शूराच्या 29 व्या आयतीचा हवाला. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे दोन्हीकडच्या गटांत आहे. तिकडे हाच शोध वेदांच्या खात्यावर जमा झाला होता. ग्रंथाचे नाव तेवढे वेगळे, बाकी मेसेज तोच.

आधी मूळ बातमी पाहू. पर्सिव्हिअरन्स ही रोबो-गाडी 18 फेब्रुवारी 2021 रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरली. अब्जावधी वर्षांपूर्वी तिथे तळे होते आणि त्यात नदी येऊन मिळत होती. जुलै 2024 मध्ये गाडीला एक दगड दिसला, बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके असलेला. त्याला ‘चेयावा फॉल्स’ असे नाव दिले गेले. गाडीच्या हातावरच्या उपकरणांनी तपासल्यावर त्या ठिपक्यांत लोहाची फॉस्फेट आणि सल्फाइड खनिजे असल्याची चिन्हे मिळाली, दगडात सेंद्रिय कार्बनही आढळला. पृथ्वीवर चिखलातल्या सूक्ष्मजीवांमुळे अशी खनिजे तयार होतात. पण जीवाशिवायही ती होऊ शकतात. म्हणून वर्षभराहून अधिक काळ छाननी झाली, मग ‘नेचर’मध्ये लेख आला, आणि तरीही त्यात शब्द वापरला तो ‘संभाव्य’. नमुना नळीत बंद आहे. तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आल्याशिवाय पक्के सांगणे कठीण, आणि तो आणायला पैसा कुठून यायचा यावर 2025 मध्ये वाद चालू होता.

ज्यांनी काम केले ते ‘कदाचित’ म्हणतात आणि ज्यांनी बोटाने मेसेज पुढे ढकलला ते ‘सिद्ध झाले’ म्हणतात. माझा राग यावर आहे.

माझा सवाल दीनदार माणसालाच आहे. उद्या हे ठिपके निव्वळ रसायनांची करामत निघाले तर? तेव्हा त्या आयतीचे काय करणार? हे काही हवेतले बोलणे नाही. 1996 मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या उल्केत सूक्ष्म जीवाश्म असल्याचा दावा झाला होता. खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले. आज बहुतेक शास्त्रज्ञ तो दावा मानत नाहीत. अल्लाहच्या कलामाला नासाच्या प्रेसनोटचा टेकू लावणारा माणूस ईमान बळकट करत नाही, ते दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत गहाण टाकतो.

काही मित्र म्हणतात, ‘सर, यातून मुलांना विज्ञानाची गोडी लागते.’ वर्गात मला उलटेच दिसते. ‘आपल्याकडे आधीच लिहून ठेवले आहे’ असे कळले की मुलगा पुढचा प्रश्न विचारत नाही. उत्तर घरात असेल तर शोधायला बाहेर कोण जाईल? कुरआन तर जमिनीवर फिरून पाहा असे सांगतो. अल-बिरूनीने ते मनावर घेतले. आज पाकिस्तानातल्या पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर उभे राहून त्याने क्षितिजाचा कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याचे नाव आपण जलशात अभिमानाने घेतो. त्याच्यासारखे डोंगर चढायला मात्र कुणी तयार नाही.

आणि फिरून पाहायला मंगळावर जायची गरज नाही. आपल्या केळापूर तालुक्यातली कपाशीची काळी माती ज्या दगडापासून झाली, तो बेसाल्ट. मंगळाचे कवचही मुख्यतः बेसाल्टचेच. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे बेसाल्टमध्ये उल्कापाताने पडलेले, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवर आहे, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारचे दगड तपासतात. जून 2020 मध्ये तिथले पाणी गुलाबी झाले तेव्हा नाना तर्क सुरू झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्याचे कारण असल्याचे सांगितले. मंगळावर ज्याचा शोध चालला आहे, त्याच जातीचा हा प्रश्न, तोही आपल्या विदर्भात!

आपल्या उर्दू शाळांची सहल दरवर्षी कुठे ना कुठे जातेच. एक वर्ष ती लोणारला न्या. मुलांच्या हाती भिंग द्या, वही द्या, दगड पाहू द्या. आणि पुढच्या वेळी असा मेसेज आला की तो पाठवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: हे कुणी तपासले? कशाने तपासले? अजून काय कळायचे बाकी आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर मेसेज तिथेच थांबवा. आपल्या पोरांसाठी एवढे तरी करा.