आधी पान उलटा, मग पंप उचला



कपाशीचे पान आकसले की ते खुडून खिशात घालायचे आणि थेट कृषी सेवा केंद्र गाठायचे, हा केदारखेड्यापासून भोकरदनपर्यंत रिवाज झाला आहे. ज्याला औषध विकायचे आहे, त्यालाच आपण रोग विचारतो! मग एकाच्या दोन बाटल्या होतात आणि उधारीच्या वहीत आकडा चढतो.

कापसाचा भाव आपल्या हातात नाही. त्यासाठी लढावेच लागेल. पण कीड ओळखणे आपल्या हातात आहे.

पान उलटे करा. शिरांलगत जेमतेम 1 मिलिमीटरचे, पिवळसर, निमुळते किडे दिसले तर ते फुलकिडे. ते पान खरवडून रस पितात. तिथे पांढुरके, चंदेरी चट्टे पडतात, पुढे तपकिरी होतात. पान वरच्या अंगाला मुरडते. कडा खाली वळून पिवळ्या, मग लाल पडल्या आणि किडे तिरपे पळाले, तर ते तुडतुडे. कीड एकही नाही, पण नवी पाने बोटांसारखी चिंचोळी निघाली, तर शेजारच्या ज्वारीत मारलेले टू-फोर-डी उडाले असेल, नाहीतर त्याच तणनाशकाचा पंप न धुता वापरला असेल. तिथे कीटकनाशक मारणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

फुलकिडे दिसले तरी आधी मोजा. एकरात 20 झाडे, प्रत्येकाचे वरचे, मधले, खालचे पान. पानामागे सरासरी 10 किडे भरले तरच फवारणी. त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. पावसाने उघडीप दिली की फुलकिडे वाढतात, जोराच्या सरीने धुऊन जातात. युरिया जास्त झाला तर कोवळ्या पाल्यावर रस शोषणाऱ्या किडी तुटून पडतात.

बीटीवर विसंबू नका. 2002 साली आलेले ते बियाणे बोंडअळीसाठी. फुलकिड्यांना त्याची बाधा नाही.

मोजायला वेळ कोणाला, असे कोणी म्हणेल. 60 पाने पाहायला अर्धा-पाऊण तास लागतो. फवारणीत दिवस, मजुरी आणि औषध जाते. कधी जीवही जातो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले.

म्हणून या बैठकीत प्रत्येक गावाने ठरवावे : पाने मोजल्याशिवाय फवारणी नाही, पक्क्या पावतीशिवाय खरेदी नाही, आणि सल्ला द्यायचा तर कृषी खात्याच्या माणसाने बांधावर यावे.